आईचा कल्चर रिपोर्ट, 'आर'ची रांग आणि बिस्किटांचा डबा

ओसरी

गेल्या महिन्यात आईला (वय ७१, साताऱ्यात एकटी असते) थंडी वाजून ताप आला. पहिल्या दिवशी तिने नेहमीप्रमाणे कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंचा फोन आला की वहिनी भिंत धरत धरत दार उघडायला आल्या. मी पुण्याहून निघाले. लघवीला जळजळ, उजव्या कुशीत मागच्या बाजूला दुखणं, १०२ ताप. डॉक्टरांनी लघवी कल्चरला (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवली आणि रिपोर्ट येईपर्यंत सेफ्ट्रियाक्झोनची इंजेक्शनं सुरू केली. ताप काही उतरेना.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. ई. कोलाय नावाचा जंतू, मिलिलिटरला एक लाखाच्या वर. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एस किंवा आर. एस म्हणजे जंतू त्या औषधाने मरतो, आर म्हणजे मरत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन आर. लेव्होफ्लॉक्सासिन आर. सेफिक्झिम आर. ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह आर. कोट्रायमॉक्साझोल आर. सेफ्ट्रियाक्झोन आर, म्हणजे तीन दिवस जे टोचत होतो तेच. एस होते मोजून पाच: ॲमिकासिन, नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन, एर्टापेनेम, मेरोपेनेम. तळाला 'ईएसबीएल पॉझिटिव्ह' असा शिक्का.

पाचातली पोटात घ्यायची दोन (नायट्रोफ्युरँटॉइन, फॉस्फोमायसिन) मूत्राशयापुरतीच चालतात, किडनीपर्यंत गेलेल्या तापाला पुरत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मग रोज एक याप्रमाणे एर्टापेनेमची इंजेक्शनं. आई बरी झाली, आता घरात भांडी आपटण्याइतकी ठणठणीत आहे.

पण आई सगळ्यांना सांगत सुटलीय, "माझ्या अंगाला औषधाची सवय झालीय, आता साधी गोळी लागू पडत नाही." खरं सांगायचं तर मीही आजवर तसंच समजत होते. डॉक्टर जाता जाता एवढंच म्हणाले, "अंगाला नाही हो, जंतूंना." आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

घरी आल्यावर मी तिचा औषधांचा डबा उघडला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, रबरबँड लावलेला. आत ११ अर्धवट स्ट्रिपा. ॲझिथ्रोमायसिन ५००, तिनातली एक उरलेली. ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, चार उरलेल्या. सेफिक्झिम २००, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं. आई निवृत्त शिक्षिका, त्यामुळे कधी काय घेतलं ते रोजनिशीत लिहिलेलं असतं. बसून मोजलं. चार वर्षांत नऊ वेळा अँटिबायोटिक. चार वेळा सर्दी-खोकला. दोन वेळा जुलाब. एकदा दाढ. आणि दोन वेळा 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमधे लघवीत पस सेल्स (पूच्या पेशी) दिसले म्हणून, तक्रार काहीही नसताना.

म्हणजे लघवीच्या खऱ्या दुखण्यासाठी एकदाही नाही. मग घशासाठी घेतलेल्या गोळीने लघवीतला जंतू कसा काय तयार झाला? जाणकारांनी सांगावं.

---

तिरकस

सोपं आहे. अर्ध्या गोळ्यांत खडूची भुकटी असते. औषधच नाही तर लागू कसं पडणार? उगाच जंतूंना दोष.

---

लॅबमावशी

ओसरी, प्रश्न फार नेमका विचारलात. २२ वर्षं मी याच बशा बघतेय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी तिरकस यांना. बाजारातल्या गोळ्यांच्या दर्जाचा प्रश्न खरा आहे, पण या रिपोर्टाशी त्याचा संबंध नाही. आम्ही पेशंटची गोळी तपासत नाही. आगर ओतलेली बशी असते, फिकट पिवळी. त्यावर त्या पेशंटचे जंतू कापसाच्या बोळ्याने एकसारखे सारवतो आणि वर कागदाच्या चकत्या ठेवतो. सहा मिलिमीटरच्या, मोठ्या टिकलीएवढ्या. प्रत्येकीत ठरलेल्या मापाचं, तपासलेलं औषध. रात्रभर ३५ अंशाला. सकाळी झाकण उघडलं की जंतूंची साय धरलेली असते, आणि जिथे औषध चाललं तिथे चकतीभोवती चंद्राला खळं पडतं तसं स्वच्छ गोल. ते खळं मी पट्टीने मोजते. ओसरींच्या आईच्या बशीत सिप्रोच्या चकतीला साय अगदी कडेपर्यंत भिडलेली असणार. चकतीतलं औषध अस्सल असूनही.

कधीकधी स्वच्छ खळ्याच्या आत दोन-चार ठिपके दिसतात. सगळे मेले आणि हे उरले. नवीन मुलं लॅबमधे येतात तेव्हा मी त्यांना आधी हे ठिपके दाखवते. औषधाने त्यांना काही शिकवलेलं नसतं, 'सवय' वगैरे काही लागलेली नसते. ते आधीपासून तसेच होते, हजारो-लाखोंत एखादा. औषधाने फक्त त्यांच्या आजूबाजूची गर्दी साफ केली. मोकळी जागा, भरपूर खाणं आणि चांगल्या परिस्थितीत २० मिनिटांत एकाचे दोन.

आता घसा आणि लघवी. तुम्ही घशासाठी गोळी घेता तेव्हा ती घशाचा पत्ता विचारत जात नाही. रक्तातून सगळीकडे जाते, आतड्यात तर जातेच. आतड्यात ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या असतात, मुकाट्याने राहतात. सर्दीच्या विषाणूला त्या गोळीने काडीचा फरक पडत नाही, पण आतड्यात मात्र निवडणूक होऊन जाते. आईंच्या आतड्यात चार वर्षांत अशा नऊ निवडणुका झाल्या. बायकांत मूत्रमार्ग आखूड, गुदद्वारापासून जवळ, आणि पाळी गेल्यावर तिथलं नैसर्गिक संरक्षणही कमी होतं. तिथून वर चढलेला जंतू आतड्यातून निवडून आलेलाच असणार.

ईएसबीएल म्हणजे एक एन्झाइम. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातल्या औषधांच्या रेणूत एक चौकोनी कडी असते, ती हे एन्झाइम तोडतं. त्याचा जीन बऱ्याचदा जंतूच्या मुख्य गुणसूत्रावर नसतोच. वेगळ्या छोट्या डीएनएच्या कड्यावर असतो, त्याला प्लास्मिड म्हणतात. जंतू शेजारच्या जंतूला त्याची झेरॉक्स देतो. शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालतं, ई. कोलायकडून क्लेब्सिएलाकडे सर्रास जातं. आणि एकाच कड्यावर बऱ्याचदा तीन-चार वेगवेगळ्या औषधांची उत्तरं एकत्र बांधलेली असतात. म्हणून सेफिक्झिम खाल्लं तरी कोट्रायमॉक्साझोलला दाद न देणारेही त्याच फटक्यात निवडून येतात. तुमच्या रिपोर्टात एकाखाली एक आर दिसतात ते बरेचसे त्यामुळे.

एक बरी गोष्ट. औषध थांबलं की साधे जंतू हळूहळू परत येतात. कोर्सनंतरचा पहिला महिना सगळ्यात वाईट, पण परिणाम वर्षभरापर्यंतही रेंगाळू शकतो. चार वर्षांत नऊ म्हणजे सरासरी पाच-साडेपाच महिन्यांना एक. त्यांना परत यायला उसंत कुठे मिळाली?

---

मोरपंख

लॅबमावशी, खळ्याची उपमा 😊 वाचतेय.

---

बोंडअळीग्रस्त

यवतमाळचा आहे, कापूसवाला. हे सगळं आमच्या वावरात घडून गेलंय, म्हणून लिहितो.

बीटी कापूस (बोंडअळीला मारणारा जीन घातलेलं बियाणं) २००२ ला आला, दोन जीनवालं बीजी-टू २००६ ला. सुरुवातीची वर्षं बोंडअळी म्हणजे काय ते पोरं विसरली. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं वेगळं पाकीट यायचं. कडेनं लावा म्हणायचे. म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतील, एखादी बीटी पचवणारी निघाली तर तिचा जोड साध्याशी लागेल आणि तिची औलाद वाढणार नाही. आम्ही काय केलं? पाकीट बांधावर फेकलं. अळीसाठी कापूस कोण लावते बाप्पा! २०१७ ला गुलाबी अळीनं बोंडं आतून पोखरली. वरून हिरवं गार, फोडलं की किडकं. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेत आमच्या जिल्ह्यात माणसं गेली.

लॅबताई, साधे जंतू जिवंत ठेवणं म्हणजे आमचं ते १२० ग्रॅमचं पाकीटच ना?

---

लॅबमावशी

अगदी तेच. आता शिकाऊ मुलांना हेच सांगीन. फरक एवढाच की तुमच्या अळीला पुढची पिढी जन्माला घालावी लागते. माझा जंतू शेजाऱ्याला बसल्या जागी जीन देऊन टाकतो.

---

तिरकस

बरं, खडूची भुकटी मागे घेतो. पण मग डॉक्टर लिहून का देतात? पेशंट स्वतः थोडीच कारखान्यातून आणतो?

---

पांढरा कोट

देतात, कारण आम्हीही माणसं आहोत. तालुक्याच्या गावी २६ वर्षं जनरल प्रॅक्टिस आहे. उत्तर देतो, आवडेल असं नाही.

सर्दी-खोकल्याचा पेशंट येतो. मला ९० टक्के खात्री असते की विषाणू आहे, पाच-सात दिवसांत उतरेल, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळेल. हे समजावायला दहा मिनिटं लागतात. बाहेर ३० जण बसलेले. पेशंट म्हणतो, "डॉक्टर, जरा पॉवरची गोळी द्या, उद्या मुंबईला जायचंय." नाही दिली तर चौथ्या दिवशी तो समोरच्या दवाखान्यात जातो, तिथे त्याला ॲझिथ्रो मिळते, सहाव्या दिवशी आपोआप बरं होणारंच असतं ते होतं, आणि श्रेय गोळीला. माझ्या १० टक्के शंकेची भीतीही असते, नाही असं नाही. न्यूमोनिया सुटला तर? ती भीती आणि ती घाई मिळून हात प्रिस्क्रिप्शनकडे जातो. मी तसं लिहिलंय. आता कमी लिहितो, शून्य नाही.

कोविडात तर ॲझिथ्रो प्रसादासारखी वाटली गेली. तिचा उपयोग नाही हे मोठ्या ब्रिटिश चाचण्यांतून २०२१ मधेच स्पष्ट झालं होतं.

ओसरी, तुमच्या यादीतली सगळ्यात टाळता येण्याजोगी दोन कोणती सांगू? चेकअप पॅकेजवाली. साठीपुढच्या पुष्कळ बायकांच्या लघवीत कसलाही त्रास नसताना जंतू आणि पस सेल्स सापडतात. जळजळ नाही, ताप नाही, तर त्याला औषध द्यायचं नसतं. अपवाद मुख्यतः दोन: गरोदर बाई, आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया होणार असेल तर. पॅकेजवाले मात्र पस सेल्ससमोर ठळक अक्षरात 'अबनॉर्मल' छापतात आणि घरच्यांची झोप उडते. त्या निरुपद्रवी जंतूंना मारलं की त्यांच्या जागी बऱ्याचदा त्यांच्याहून चिवट येऊन बसतात.

---

ओसरी

डॉक्टर, हे वाचून पोटात गोळा आला. ती पॅकेजेस मीच बुक करत होते. वाढदिवसाची भेट म्हणून.

---

जुना फार्मासिस्ट

आमच्या बाजूचं सांगतो. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन (कडक नोंद ठेवायच्या औषधांची सरकारी यादी) लागू झालं, ४६ औषधं. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम वगैरे त्यात आहेत. विकलं की रजिस्टरला पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं, ते लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. ॲझिथ्रो, सिप्रो, ॲमॉक्सिसिलिन साध्या शेड्यूल एचमधे. चिठ्ठी त्यांनाही लागतेच, रजिस्टर लागत नाही.

कागदावर हे. काउंटरवर काय? संध्याकाळी सातला माणूस येतो, हातात रिकामी स्ट्रिप. "ही मागच्या वेळी दिली होती, यातल्या दोन कापून द्या." नाही म्हटलं तर पलीकडच्या दुकानात कापून मिळतात, आणि सोबत तो महिन्याची बीपी-शुगरची औषधंही तिकडूनच नेतो. मी निवृत्त झालो तोवर रोज दोन-तीन गिऱ्हाइकं अशी परत पाठवली. रोजची पाच-सहा पाठवू शकलो नाही, हेही तितकंच खरं.

स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसली की समजावं, चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही. २०१६ पासून सरकारने त्याची जाहिरात केली. एका बाईंनी मला विचारलं होतं, "लाल रेघ म्हणजे जास्त स्ट्राँग ना? मग तीच द्या."

---

तिरकस

😂😂 मी त्या बाईंना ओळखतो, माझी आत्या.

---

कोर्सवाला

सगळं ठीक, पण मूळ चूक डब्यातल्या उरलेल्या गोळ्यांची आहे. कोर्स अर्धवट सोडला म्हणून जंतू माजले. पूर्ण केला असता तर काही झालं नसतं. शाळेपासून हेच शिकलोय. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगनेही १९४५ च्या नोबेल भाषणात कमी डोसबद्दल इशारा दिला होता.

---

पांढरा कोट

फ्लेमिंगचं बरोबर आहे, त्या काळच्या समजुतीप्रमाणे. पण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

टीबी घ्या. टीबीचा जंतू औषध चालू असताना शरीरात स्वतःच बदलतो, शेजाऱ्याकडून जीन घेत नाही. स्ट्रेप्टोमायसिनची पहिली ब्रिटिश चाचणी १९४८ ला छापून आली. सुरुवातीला पेशंट सुधारले, मग पुष्कळांच्या जंतूंनी औषधाला दाद देणं सोडलं. म्हणून टीबीला चार-चार औषधं एकत्र आणि सहा महिने. तिथे मधेच सोडणं म्हणजे थेट संकट. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून डॉ. झरीर उडवाडियांनी सगळ्या तपासलेल्या औषधांना न जुमानणाऱ्या टीबीचे रुग्ण नोंदवले, ती २०१२ च्या सुरुवातीची बातमी आठवत असेल. त्यांतल्या रुग्णांच्या जुन्या चिठ्ठ्यांत चुकीची, अपुरी औषधं होती.

आईंचा जंतू वेगळा. तो आतड्यात बाजूला बसलेला बघ्या. त्याच्या दृष्टीने गोळीचा प्रत्येक जास्तीचा दिवस म्हणजे निवडणुकीचा आणखी एक दिवस. त्यामुळे आता बऱ्याच साध्या इन्फेक्शनांचे कोर्स आखूड झालेत. साध्या न्यूमोनियाला पूर्वी दहा दिवस, आता सुधारणा नीट असेल तर पाच पुरतात. किती दिवस ते डॉक्टरने ठरवायचं, तेवढे घ्यायचे, मनाने थांबवायचं नाही आणि मनाने लांबवायचंही नाही. ओसरींच्या आईंनी सर्दीची ॲझिथ्रो तीन दिवस पूर्ण घेतली असती तर आतड्याचं नुकसान कमी नाही, थोडं जास्तच झालं असतं. त्यांची चूक तिसरी गोळी ठेवून देण्यात नव्हती. पहिली गोळी घेण्यात होती, आणि ती चूक बहुधा माझ्यासारख्याच कोणाची.

---

कोर्सवाला

हे नवीन आहे मला. पचायला वेळ लागेल. पण मुद्दा कळला.

---

एचए कॉलनी

थोडं अवांतर. आमचे बाबा पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधे होते. १९५४ ची कंपनी, पुढच्या वर्षी पेनिसिलिन निघायला लागलं. बाबा सांगायचे, लोक पेनिसिलिनच्या बाटलीला हात जोडायचे. विषमज्वराने, बाळंतरोगाने माणसं पटापट जायची तो काळ त्यांनी बघितला होता (विषमज्वराला पेनिसिलिन नव्हे, क्लोरँफेनिकॉल लागायचं, हे तेच दुरुस्त करायचे). आता धागा वाचताना वाटतं, हात जोडणाऱ्यांनी ते औषध जपून तरी वापरलं असतं.

---

सांगोल्याचं डाळिंब

एचए कॉलनी, तुमच्या पिंपरीचंच स्ट्रेप्टोसायक्लिन आम्ही डाळिंबाच्या तेल्यावर मारत आलोय. सहा ग्रॅमची पुडी. नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन, दहा टक्के टेट्रासायक्लिन. तेल्या हा जंतूंचा रोग, फळावर तेलकट डाग पडून फळ तडकतं, बाग गेली म्हणून समजा. पुडीसोबत कॉपर ऑक्सिक्लोराइड, आणि पाऊस लागून राहिला की फेऱ्या वाढतात. सुरुवातीला दुकानदार पुडीचं जे प्रमाण सांगायचा त्याच्या दुप्पट आता लोक टाकतात, कारण 'आता पहिल्यासारखं काम करत नाही.' या वाक्याचा अर्थ मला आज लागला. वरून पडलेलं मातीत जातंच की.

---

लॅबमावशी

जातं. आणि मातीतल्या जंतूंकडेही प्लास्मिडं असतात. जनावरांचंही तसंच. कोलिस्टिन हे माणसासाठी राखून ठेवलेलं जवळपास शेवटचं औषध, आणि ते कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी घालत होते. डुकरांत प्लास्मिडवरून पसरणारा कोलिस्टिन-विरोधी जीन चीनमधे सापडला २०१५ ला, आपल्याकडे जनावरांसाठी बंदी आली जुलै २०१९ मधे.

---

अंगणवाली

आमच्या घरी म्हैस आहे. सडाला सूज आली की डॉक्टर सडात ट्यूब भरतात आणि चार दिवस दूध डेअरीला घालू नका म्हणतात. एकदा सासूबाईंनी ते दूध वाया कसं घालवायचं म्हणून विरजण लावलं. दोन दिवस दही लागलंच नाही, नुसतं पाणचट आंबूस. विरजणातले जंतूच मेलेले. तेव्हा हसलो होतो.

---

ट्यूलिप

नेदरलँड्समधून. इथे सर्दी-तापाला डॉक्टर पॅरासिटामॉल सांगतात आणि परत पाठवतात, यावर इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज शिव्या पडतात. मीही घातल्यात. भारतातून येताना बॅगेत ॲझिथ्रो आणणं हा तर कुळाचारच.

गेल्या वर्षी पित्ताशयाच्या ऑपरेशनला दाखल झाले तेव्हा पहिला प्रश्न, "अलीकडे परदेशात हॉस्पिटलमधे होतात का?" मी पुण्यात दोन दिवस सलाईनवर होते. झालं, वेगळी खोली, नर्स गाऊन-ग्लोव्हज घालून आणि तपासणीसाठी स्वॅब. अपमान वाटला. नंतर वाचलं, इथल्याच प्रवाशांच्या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातून परतलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश लोक ईएसबीएलवाले जंतू आतड्यात घेऊन आले होते. जाताना नव्हते. त्यांतल्या बहुतेकांना काही झालं नाही, काही महिन्यांत निघूनही गेले. पण म्हणजे ओसरींच्या आईंनी एकही गोळी घेतली नसती तरी पाण्यातून, भाजीतून हा जंतू येऊ शकला असता ना?

---

लॅबमावशी

हो. येऊ शकला असता, आणि तो दुसऱ्या कोणाच्या तरी गोळ्यांमुळे तयार झालेला असता. सांडपाणी एकच आहे सगळ्यांचं. पण आलेला जंतू आतड्यात पाहुणा म्हणून राहतो की घरमालक होतो, ते त्या घरात पुन्हा पुन्हा साफसफाई होते का यावर बरंच ठरतं.

---

ओसरी

सगळ्यांचे आभार. आईला फोनवर धागा वाचून दाखवला. बोंडअळीचा भाग दोनदा वाचायला लावला, आजोळी कापूस होता तिच्या. "अंगाला सवय" हे म्हणणं अजून पूर्ण सोडलेलं नाही, पण काल शेजारच्या काकू "वहिनी, ती जुलाबाची गोळी आहे का" विचारायला आल्या तेव्हा त्यांना ओआरएसचं पाकीट आणि भाताची पेज देऊन पाठवलं म्हणे.

एक शेवटचा प्रश्न. इन्फेक्शन पूर्ण गेलं का बघायला परत लघवीचं कल्चर करायचं का? मी उद्याचं होम कलेक्शन बुक केलंय, बाटलीही आणून ठेवलीय.

---

पांढरा कोट

ताप, जळजळ, दुखणं काही आहे का? नसेल तर करू नका. जंतू दिसलेच तर तुम्ही घाबराल, कोणीतरी गोळी देईल, आणि आपण परत धाग्याच्या पहिल्या परिच्छेदात. त्रास झाला तर मात्र त्याच दिवशी, गोळी घ्यायच्या आधी पाठवा. डब्यातल्या ११ स्ट्रिपा शौचालयात किंवा मोरीत टाकू नका. जवळच्या मेडिकलवाल्याला किंवा हॉस्पिटलला विचारा, काही जण परत घेतात.

---

ओसरी

बुकिंग रद्द केलं. स्ट्रिपा शनिवारी जाताना मी घेऊन येते. डबा आईने घासून उन्हात ठेवलाय, चकल्यांसाठी. नमुन्याची बाटली मात्र "नवी कोरी, घट्ट झाकणाची, टाकायची कशाला" म्हणून तिने लवंगा भरून मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवलीय. वरचं लेबल काढ म्हटलं तर म्हणते, वापरलेली थोडीच आहे.